शिवलेल्या टिपणांतलं एक पान

तुमच्या तिकडच्या शाळेत गणिताच्या परीक्षेला स्वतः तयार केलेली टिपणं नेऊ देतात, मात्र ती शिवलेली किंवा बांधलेली हवीत, सुटं पान एकही चालत नाही, असं तू फोनवर सांगितलंस. अशी टिपणं करायची कशी, हेही विचारलंस. मागून तुझ्या धाकट्या भावाचा आवाज आला, "आजी मसाल्याच्या बरण्यांनासुद्धा चिठ्ठ्या लावते, तिलाच विचार." तेव्हा सांगते. पण अशी टिपणं मी एकदा एका बाईकडून करवून घेतली होती. तिची हकिकत गाळून नुसती पद्धत सांगणं मला जमणार नाही.

पद्धत अशी. एका विषयाला एक पान, आणि तो विषय त्याच पानावर संपला पाहिजे. वर चौकटीत सूत्र किंवा प्रमेय. खाली एक सोडवलेलं उदाहरण, तेही सोपं नाही, आपण जे चुकलो होतो तेच. तळाशी लाल शाईनं आपली नेहमीची चूक. पानाची मागची बाजू कोरी ठेवायची. आणि सगळं आपल्याच अक्षरात लिहायचं, दुसऱ्याकडून उतरवून घ्यायचं नाही, कारण हात लिहितो तेव्हा डोकं निम्मं पाठ करून ठेवतं. हे मी नागपूरला बी. एस्सी.ला असताना शिकले.

ती बाई भेटली ती पुढे, लग्नानंतर. तुमचे आजोबा तेव्हा पाटबंधारे खात्यात होते. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून नुकताच वेगळा झाला होता, कार्यालयं भाड्याच्या घरांत होती, आणि आमची बदली चामोर्शीच्या पुढच्या एका गावी झाली होती. क्वार्टर बांधून व्हायची होती, म्हणून आम्ही गावातच एका कौलारू घरात राहायचो. शेजारच्या घरात एक म्हातारे गृहस्थ, त्यांची विधवा सून आणि तिची लहान मुलगी, एवढीच माणसं. म्हाताऱ्यांना मी भाऊ म्हणायची, ते मला बाईसाहेब म्हणत. सून त्यांना मामाजी म्हणे. तिकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात.

भाऊंचा मुलगा जंगल खात्यात वनरक्षक होता. आत, एटापल्लीच्या बाजूला त्याची नेमणूक होती. पावसाळ्यात ताप आला, डोक्यात चढला, आणि बैलगाडीतून रस्त्यापर्यंत आणेतो तो गेला. मेंदूचा मलेरिया. त्या भागात हे असं घडे, आणि घडलं की लोक फार बोलत नसत. आम्ही राहायला गेलो तेव्हा त्याला वर्षही झालं नव्हतं.

नवऱ्याच्या जागी तिला नोकरी मिळण्यासारखी होती. ती दहावीला बसलेली होती, सगळे विषय सुटले होते, फक्त गणित राहिलं होतं, आणि मग लग्न झालं. खात्याच्या कचेरीत तिला सांगितलं गेलं, "दहावीचा कागद आणा, लेखनिकाची जागा आहे. जूनच्या निकालापर्यंत थांबतो. त्यानंतर आमच्या हातात नाही, मग रोजंदारीच." म्हणजे मार्चची परीक्षा ही एकच संधी. पुस्तक घेऊन ती माझ्या ओट्यावर आली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "म्याडम, गणित सुटंल का मले?"

मी म्हटलं, सुटेल. खरं तर मला शाळेचं मराठी गणित येत नव्हतं. माझं सगळं इंग्रजीतून झालेलं. स्पर्शिका म्हणजे टॅन्जन्ट आणि जीवा म्हणजे कॉर्ड, हे मी तिच्याच पुस्तकातून शिकले. ती मला मराठी शब्द सांगे, मी तिला त्यामागचं गणित सांगे. दुपारी धानाच्या बांधीतून, म्हणजे शेतातून, ती परत आली की आम्ही बसायचो. तिची मुलगी आमच्या मांजरामागे फिरत असे.

हापशीवर बायका तिला विचारत, "काय व, कलेक्टर होऊन राह्यली का?"

ती घागर भरता भरता म्हणे, "होईन तं तुह्या घरी पट्टेवाला पाठवीन, थांब."

घरातून मात्र तिला अडवणारं कोणी नव्हतं. भाऊंना अक्षरओळख नव्हती, पण घरात बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखालच्या फळीवर मुलाची शाळेची पुस्तकं रचून ठेवलेली होती. सुनेनं शिकायचं की नाही, हा प्रश्न त्या घरात निघतच नव्हता. ती लिहायला बसली की ते स्वतः चुलीवर भात चढवत.

भाऊंचं आणखी एक सांगायला हवं. हिवाळ्यात वडशाहून नाटकमंडळी आली की गावात मंडप पडे, आणि त्या मंडपाचं काम भाऊंकडे असे. झाडीपट्टीच्या, म्हणजे त्या भागातल्या, नाटकात रंगमंचाच्या पुढच्या अंगाला मध्यभागी एक खड्डा खणतात. त्यात वही घेऊन एक माणूस बसतो आणि नटांना वाक्यं पुरवतो. प्रेक्षकांना तो दिसत नाही, पण तो तिथे आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो खड्डा वर्षानुवर्षं भाऊ खणत आले होते. "मोठ्यातला मोठा हिरो राह्यला, तरी गड्ड्यातला माणूस लागतेच बाईसाहेब," असं ते मला सांगत. त्यांना त्या खड्ड्याचा मोठा अभिमान होता.

टिपणं पुरी झाली ती थंडी सरताना. तुमच्या आजोबांनी चांगला जाड कागद आणून दिला होता. वर्तुळावरच्या एका पानानं तिला फार छळलं. वर्तुळाबाहेरच्या एका बिंदूतून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढल्या तर त्यांची लांबी सारखी असते, हे ते प्रमेय. तिनं सिद्धता लिहिली, चुकली, कागद बदलला, पुन्हा चुकली, आणि मग वहीवर डोकं ठेवून रडायला लागली. माझ्यासमोर ती नवऱ्यासाठीही रडली नव्हती. भाऊ ओट्याच्या पायरीवर बसून सगळं बघत होते. ते उठून आले, आकृतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे तं शिंक्यातलं मडकं हाय वं पोरी. याच्यासाठी काय रडतंस?"

ती रडता रडता हसली. आकृती खरोखर तशीच दिसत होती, वरच्या एका खिळ्याला दोन दोर आणि त्यांत अडकलेलं गोल मडकं. त्यानंतर ते प्रमेय ती कधी चुकली नाही.

शिवायचं काम भाऊंनी अंगावर घेतलं. धानाची पोती शिवायचा दाभण आणि सुतळी ते घेऊन आले. मी पानांच्या कडा सारख्या केल्या, पुठ्ठे कापले, पाठीला जुन्या धोतराची पट्टी लावली. तांदळाच्या पिठाची खळ केली, तिच्यात उधळी, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून मोरचूद टाकला. भाऊंनी पानं गुडघ्याखाली दाबून भोकं पाडली आणि सुतळी ओढून गाठ मारली. मग पुठ्ठा धरून हलवून पाहिला. "बैलानं ओढलं तरी निंघणार नाई," म्हणाले.

परीक्षेचं केंद्र आमच्या गावी नव्हतं. नदीकाठच्या एका मोठ्या गावातल्या शाळेत तिचा नंबर आला होता. पहिला पेपर बीजगणिताचा, मग मधला दिवस सोडून भूमितीचा. भाऊ तिला एस.टी.नं घेऊन गेले. बसमध्ये चाळायला तिनं टिपणं सोबत नेली, आणि आत जाताना ती सासऱ्याच्या हातात दिली.

त्या काळी तिकडे दहावीचा पेपर म्हणजे जत्राच असे. एकेका मुलामागे घरची चार माणसं. काका, मामा, मोठे भाऊ शाळेच्या मागच्या भिंतीशी उभे. पेपर सुरू झाला की थोड्याच वेळात प्रश्न बाहेर येत, गाईडची पानं फाटत, आणि दगडाला गुंडाळलेले कागद खिडकीतून आत जात. कुणी लपवाछपवी करत नसे. एखादा शिपाई काठी आपटत यायचा, माणसं पांगायची, तो गेला की परत यायची. भजीवाला आपली कढई तिथेच लावायचा.

तिथे काय झालं ते तिनं त्याच संध्याकाळी मला सांगितलं. मुलीला तिनं घरी सासऱ्याजवळ ठेवलं होतं आणि ती आमच्या मागच्या ओट्यावर येऊन बसली होती. डोळे कोरडे होते.

पेपर सोपा गेला होता. निम्म्याहून जास्त उदाहरणं सोडवून झाली होती. तेवढ्यात खिडकीतून घडी केलेला एक कागद आला आणि तिच्या बाकावर पडला. दगड नव्हता, नीट चौपदरी घडी होती. तिनं त्याला हातही लावला नाही. पण बाहेरच्या बाजूनं आपलं अक्षर तिला दिसलं, आणि कडेची दाभणाची भोकं दिसली. ते उचलून फेकावं की लपवावं, हे तिला सुचेपर्यंत भरारी पथक दारात होतं. त्या दिवशी पथक येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. बाकीच्या वर्गाचे कागद पटापट खिडकीबाहेर गेले. तिचा तेवढा बाकावर राहिला.

साहेबांनी घडी उलगडली. आत शिंक्यातलं मडकं.

"आज तर बीजगणित आहे," साहेब म्हणाले. मग त्यांनी तिच्या उत्तरपत्रिकेवरचं अक्षर पाहिलं आणि कागदावरचं पाहिलं. इतरांनी फेकलेली पानं गाईडची, छापील होती, ती कुणाची ते सिद्ध करायला साहेबांना कष्ट पडले असते. हिचं तिच्याच हातचं. त्यांनी विचारलं, "कागद बाहेरून आला का? कोणी टाकला ते सांगा. बाहेर पोलीस आहेत, आत्ता धरतील."

खिडकीबाहेर त्या वेळी खरंच दोघातिघांना धरून नेत होते. तिला आवाज ऐकू येत होता. मामाजींचं पांढरं धोतर गजांतून दिसत होतं. ते पळाले नव्हते. पळायचं असतं हे त्यांना माहीतच नव्हतं.

तिनं जबाबात लिहिलं, कागद माझा आहे, मीच आणला. खाली सही केली. पेपर संपेपर्यंत तिला दुसऱ्या खोलीत बसवून ठेवलं. घंटा झाल्यावर ती सगळ्यांबरोबर बाहेर आली.

"मामाजी भज्याच्या दुकानाजवळ उभे होते," ती म्हणाली. "मले पाहून हासले. म्हणे, पान भेटलं ना? मी म्हटलं, हाव, भेटलं. म्हणे, सुतळी कापाले बिलेड मांगून आणलं म्या, तुही वही फाटू नाई देल्ली."

मी विचारलं, "पण तेच पान का? आणि बीजगणिताच्या दिवशी?"

"त्याह्यले काय माहीत म्याडम, आज काय हाय अन् परवा काय हाय ते? सारे गणितच. ज्या पानावर मी रडली ते पान त्याह्यच्या ध्यानात होतं. म्हणे, तुले तेच येत नव्हतं ना." मग म्हणाली, "त्याह्यले सांगू नका तुमी. पोरगा गेला तवापासून ते असेच अर्धे राह्यले हायेत."

मला ते पटलं नाही. साहेबांना भेटून खरं सांगावं, म्हाताऱ्याला पुढे उभं करावं, कागद त्या दिवसाच्या विषयाचाच नव्हता हे दाखवून द्यावं, असं मी सुचवलं. माझं सगळं आयुष्य नियमात गेलेलं. नियम असेल तर त्याला दादही असणार, असं मला वाटे. सगळं ऐकून ती म्हणाली, "अन् त्याह्यले पोलिसात नेलं तं?"

भूमितीच्या दिवशी भाऊंना बरं नाही असं निमित्त करून मी तिच्यासोबत गेले. तिला पेपराला बसू देतील की नाही ते ठाऊक नव्हतं, पण ती घरी राहिली असती तर त्यांना सगळं कळलं असतं. त्यांना खरंच थोडा खोकला होता, आणि तेच म्हणाले, "बाईसाहेब गेल्या तं बरंच झालं, त्याह्यले वाचता तरी येते."

शाळेत मी केंद्रप्रमुखांना भेटले. ते थकलेले गृहस्थ होते, वाईट नव्हते. कागद कोणी टाकला तेवढं सोडून मी बाकी सगळं सांगितलं. तो कागद भूमितीचा होता, बीजगणिताला त्याचा काही उपयोग नव्हता.

"मॅडम, कोणत्या विषयाचा ते आम्ही पाहत नाही," ते म्हणाले. "कागद सापडला, कबुली आहे, प्रकरण वर गेलं. आता तिला बसू देता येत नाही. आणि खरं सांगू का? पथकाला प्रत्येक केंद्रावर एखादं तरी नाव लागतं. त्या दिवशी तिनं सही केली म्हणून बाकीचा वर्ग सुटला."

हे ते कुजबुजत बोलले नाहीत. साधं, चालू गोष्ट सांगावी तसं बोलले.

मग आम्ही दोघी नदीवर जाऊन बसलो. वैनगंगेचं पात्र त्या दिवसांत वाळूचंच होतं, पाणी पलीकडच्या काठाला. घंटा ऐकू आली. थोड्या वेळानं शाळेमागून दोन माणसं प्रश्नपत्रिकेची हातानं उतरवलेली प्रत घेऊन नदीकडे आली आणि गाईड उघडून उत्तरं शोधायला लागली. त्यांतल्या एकानं मला पाहिलं, शिक्षिका असावी असं वाटलं असेल, प्रत पुढे केली. "बाई, हा चौथा जरा सांगता का? पोट्टा आत बसून राह्यला."

मी नाही म्हणणार होते. तिनं हात पुढे करून कागद घेतला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. स्पर्शिकांचं ते प्रमेय त्यात कुठेच नव्हतं. बाकी जवळजवळ सगळं तिला येत होतं. चौथ्या प्रश्नाची आकृती तिनं वाळूत काटकीनं काढली आणि त्या माणसाला सिद्धता सांगितली, एकेक पायरी, कारणांसकट. तो लिहून घेऊन पळाला. ती आकृतीकडे पाहत बसली आणि थोड्या वेळानं पायानं वाळू सारखी केली.

जूनमध्ये जागा दुसऱ्याला गेली. तिला पुढच्या काही परीक्षांना बंदी झाली. कचेरीनं शब्द पाळला, रोजंदारी दिली. जंगल खात्याच्या रोपवाटिकेत प्लॅस्टिकच्या काळ्या पिशव्यांत माती भरायची आणि सागाची रोपं लावायची. पावसाळ्यात हातांना चिखल्या होत. ती मला बोटं दाखवत नसे.

दिवाळीनंतर, नाटकाचे दिवस जवळ आले तेव्हा भाऊ एकदा आमच्या ओट्यावर येऊन बसले. मला कळेना की कशाला आले. मग म्हणाले, "बाईसाहेब, एक गोष्ट इचारतो. नाटकात गड्ड्यातला माणूस सांगते तं नट बोलते का नाई?"

"बोलतो."

"मग पोरीले काऊन नाई बोलता आलं? सारे आपापल्या पोट्ट्याले देऊन राह्यले होते. म्या म्हटलं, माह्या पोरीचं कोणी नाई का? म्या बी देल्लो. बराबर पान देल्लो. तरी बी नाई निंघाली." ते माझ्याकडे वळले. "का म्या दुसरंच पान देल्लो? मले तं वाचता येत नाई. खरं सांगा बाईसाहेब."

ही भीती ते कितीतरी महिने मनात घेऊन हिंडत होते, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

ती कुंपणापाशी उभी होती, रोपवाटिकेतून नुकतीच आलेली, हाताला माती. तिनं ऐकलं होतं. तिथूनच ती म्हणाली, "नाई मामाजी, बराबर होतं पान. तेच आलं होतं पेपरात. तुमी देल्लं तरी मलेच लिहिता नाई आलं."

भाऊ तिच्याकडे बघत राहिले. चेहरा हळूहळू सैल झाला, आणि मग त्यांना राग आला. त्या वर्षभरात मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं. "म्हंजे देऊन बी नाई लिहिलं? समोर पान हाय, अन् तुह्या हातून लिहिणं नाई झालं? अवो, आमच्या नाटकातला नवा पोट्टा बी एवढा नाई घाबरत!"

"घाबरली मी," ती म्हणाली, आणि हात धुवायला आत गेली.

तेव्हापासून त्यांची भूक परत आली. ते मंडपाच्या कामाला जाऊ लागले, खड्डा खणू लागले, आणि तिथे बसून लोकांना ही गोष्ट सांगू लागले. सुनेला पान हातात नेऊन दिलं, तरी तिला लिहिता आलं नाही. लोक हसत. हापशीवर बायकाही हसत. कलेक्टरबाई, नकल बी नाई करता आली का व? तीही हसे आणि घागर उचलून चालू लागे.

आमची बदली झाली तेव्हा ती सामान बांधायला आली होती. ट्रकवाल्याचा हमाल तिला विचारत होता, शिकलेली दिसतेस, काय करतेस? ती काही बोलायच्या आत भाऊंनी ट्रंकेवर बसूनच त्याला ती गोष्ट सुरू केली, अगदी रंगवून, हातवारे करून. हमाल पोट धरून हसला. ती गादीची वळकटी आवळत होती. दोराची दोन्ही टोकं हातात धरून ती म्हणाली, "मामाजी, उठा जरा, ट्रंक चढवाची हाय," आणि त्यांना हाताला धरून उठवलं.